ख चा पाय

माघ लागला की माळव्यात कुठं कुठं अजून अफूची शेतं फुलतात. पूर्वीइतकी नाहीत, पण एखादा तुकडा दिसतोच. पांढरी, पातळ, वाऱ्यानं हात लावला तरी गळून पडतील अशी फुलं. लोक थांबून बघतात. मी पदर पुढं ओढते आणि चालू लागते. त्या पांढऱ्या रंगात मला धारच्या बाहेर शेतात बांधलेली आमची झोपडी दिसते, गोवऱ्यांचा धूर दिसतो, आणि मांडीवर लाकडाचा भुसा घेऊन, मान खाली घालून बसलेले हे दिसतात.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी आजवर घेतलेलं नाही. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, तेच इथं चालेल. आमचं घराणं सुतारांचं, धारच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेलं. रथ, मेणे, दारं-चौकटी हे मागच्या पिढ्यांचं काम. ह्यांच्या वाट्याला ठसे आले. छिपे लोक कापडावर वेलबुट्टी उठवतात ना, ते लाकडी ठसे. हात असा बारीक की पाकळीच्या आतली शीरसुद्धा कापडावर उमटायची.

एक दिवस भाऊसाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पंचांगं, जाहिराती असं काम. म्हणाले, "मिस्त्री, माझ्याकडे शिशाची अक्षरं आहेत, पण ती नखाएवढी. भिंतीवर लावायच्या कागदाला वितीएवढी अक्षरं हवीत. ती मुंबईहून मागवायची तर वर्ष जाईल. तुम्ही लाकडात कोराल?"

ह्यांनी हो म्हटलं. वेलबुट्टी कोरणाऱ्याला अक्षर काय जड, असं त्यांना वाटलं असावं. पण जड गेलं. पहिल्यांदा त्यांनी बोरूचं अक्षर जसंच्या तसं लाकडात उतरवलं, एकीकडे जाड, वळणावर केसासारखं बारीक. सुंदर दिसत होतं. छापखान्याच्या दाबाखाली गेलं आणि पंचवीस-तीस कागदांतच बारीक रेघा तुटून पडल्या. पुन्हा कोरलं, पुन्हा तुटलं. मग हे तीन-चार दिवस काहीच न करता बसून राहिले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "लेखणीचं अक्षर लेखणीनं लिहावं. लाकडाला लाकडाचंच अक्षर पाहिजे."

मग जे अक्षर आलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळीकडून सारखंच जाड, कुठं बारीक होणं नाही. टोकं कापलेली नाहीत, बोटाच्या पेरासारखी गोल. कोपरा आधी झिजतो, आधी तुटतो आणि शाई धरून ठेवतो, म्हणून कोपराच नको. डोक्यावरची रेघसुद्धा दोन्ही कडांना गोल, लाटण्यासारखी. बाळसं धरलेल्या मुलाच्या मनगटासारखी ती अक्षरं. हात लावावासा वाटे. मी लावायची आणि बोटं काळी करून घ्यायची.

त्या वेळी मला वाचता येत नव्हतं. मी असेन वीस-बावीसची. हे काजळी फासून अक्षर कागदावर उठवायचे, समोरच्या भिंतीला चिकटवायचे आणि मला अंगणाच्या ह्या टोकाला उभं करून विचारायचे, "हे कोणतं?" आधी एकदा सांगायचे, मग विचारायचे. असं करत करत मी बाराखडी शिकले. त्यांना पारखायला डोळे हवे होते, मला त्यातून अक्षरं मिळाली. ज्या दिवशी मी लांबून 'कमळ' वाचलं त्या दिवशी हे इतके हसले की शेजारीण डोकावून गेली.

जाड अक्षराचं एक दुखणं असतं. रेघ जाड झाली की अक्षराच्या पोटातली जागा कमी होते. लांबून घ आणि ध सारखेच दिसायला लागतात, भ आणि म मध्ये माणूस गोंधळतो. त्यासाठी हे खूप झटायचे, पोटातली जागा पुन्हा पुन्हा पोखरून मोठी करायचे. ख च्या बाबतीत मात्र त्यांनी एक तडजोड केली. आपल्या ख मध्ये र आणि व शेजारीशेजारी उभे असतात. त्यातल्या र चा पाय तिरका खाली येतो, तो दाबाखाली तीनदा तुटला. चौथ्या वेळी ह्यांनी तो आखूड केला आणि गोल करून सोडून दिला. अक्षर टिकलं. मलाही आवडलं. दोन लठ्ठ भाऊ शेजारी उभे असल्यासारखं ते दिसे.

वर्षभर त्या अक्षरांनी गाव आनंदात ठेवलं. कुस्त्यांचे फड, फिरत्या नाटकमंडळीचे खेळ, हाटपिपल्याच्या नरसिंहाची जत्रा, सगळ्यांचे कागद त्याच अक्षरांत. सतवासच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं पोत्यांवर उठवायला आपलं नाव कोरून नेलं. ज्यांना धड वाचता येत नव्हतं तेही ती अक्षरं लावत लावत वाचायचे, आणि वाचता आलं की आजूबाजूला बघायचे, कुणी ऐकलं का म्हणून.

मग थंडीबरोबर गावात गाठीची साथ आली. पहिल्यांदा बाजारातल्या कोठारात उंदीर मेले. मग आमच्या गल्लीत. लोकांनी भांडीकुंडी गाड्यांत घातली आणि ते शेतांत, आमराईत जाऊन राहिले. आम्हीही गेलो. चार बांबू, वर तुराट्या, बाजूला चादर. समोर फुललेली अफू. दिवसा ते शेत इतकं शांत दिसे की गावात काय चाललं आहे ते खरं वाटू नये. पण वाऱ्याची दिशा बदलली की रडण्याचे आवाज येत.

गावातल्या काही मंडळींनी महूकडून एक डॉक्टर आणवला. त्याच्यासाठी गावाबाहेर, नालछ्याच्या रस्त्याला, आमराईच्या आडोशानं एक मोठी झोपडी उभी केली. आजारी माणसाला तिथं आणावं, लपवू नये, असं लोकांना सांगायचं होतं. कागद छापायचं ठरलं. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत आणि लांबून दिसावं म्हणून ह्यांच्या अक्षरांत. भाऊसाहेबांचा छापखाना तेवढा गावात चालू होता.

छापलेला पहिला कागद हे मला दाखवायला शेतात घेऊन आले. झोपडीच्या बांबूला टोचला आणि लांब जाऊन उभे राहिले. वरची ओळ रुंदी भरावी म्हणून सुटी सुटी लावली होती. दवा खाना. तिच्याखाली, नालछे के रास्ते पर. त्याखाली शिशाच्या बारीक अक्षरांत पाच-सहा ओळी.

मी चुलीपुढून मान वर केली आणि वाचलं, दवा रवाना. नालछे के रास्ते पर.

मनातच वाचलं. लगेच वाटलं, असं कसं असेल? औषध कुठं धाडतात? पुन्हा बघितलं, मग ख दिसला. स्वतःचीच लाज वाटली. वर्षभर ह्यांनी शिकवलं आणि मला अजून ख ओळखता येत नाही, असं वाटून गेलं.

"दिसतं ना नीट?" ह्यांनी विचारलं.

"दिसतं की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते कागद गावभर लागले.

नानूराम कुंभार गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. माठ, रांजण आणि घरांची कवेलू, म्हणजे कौलं, करायचा. देवळातल्या एका बैराग्याकडे बसून तो मोठेपणी अक्षरं शिकला होता. त्याच्या गल्लीत वाचता येणारा तो एकटाच. कुणाचं पत्र आलं की नानूरामकडे. नाटकाचा कागद लागला की त्याला हात धरून भिंतीपाशी नेत आणि तो मोठ्यानं वाचून दाखवी. त्याचा धाकटा भाऊ हीरा तापानं फणफणला, काखेत गाठ आली. नानूराम औषधाच्या शोधात बाजारात आला. रस्ता ओस पडला होता. त्यानं पलीकडच्या भिंतीवरचा कागद लांबूनच वाचला. दवा रवाना, नालछे के रास्ते पर. म्हणजे औषध गावातून निघालं, नालछ्याच्या वाटेवर आहे, मागे लागलं तर गाठता येईल. खालच्या बारीक ओळी वाचायला तो थांबला नाही. कोण थांबला असता?

त्यानं हीराला गाडीत घातलं. हीराची बायको आणि चार-पाच वर्षांचा मुलगा मागं रडत राहिले. रस्त्यात आमराईपाशी त्याला झोपडी दिसली, बाहेर माणसंही दिसली. आजाऱ्यांना पकडून कोंडून ठेवतात अशी बातमी तेव्हा घराघरांत होती. इथं आपल्याला अडवतील, ह्या भीतीनं त्यानं बैलांची शेपटी पिळली आणि गाडी पळवत पुढं नेली. दवाखान्यासमोरून. डॉक्टर दारात उभा होता म्हणतात.

नालछ्याला ना औषध, ना कुणाला त्याची खबर. लोकांनी गाडी गावात शिरूही दिली नाही. परत येताना उन्हात हीरा गेला.

हे सगळं मला कळलं ते नानूरामच्या तोंडून. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी तो आमच्या झोपडीसमोर येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, हातात भिंतीवरून सोलून आणलेला कागद. त्यानं तो जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली.

"भिया, यो कंई लिख्यो हे? जरा तम बाँचो."

हे म्हणाले, "दवाखाना."

"म्हने तो दवा रवाना बाँच्यो." त्याचा आवाज चढला नव्हता. खरंच विचारायला आल्यासारखा तो उकिडवा बसला आणि त्यानं ख वर बोट ठेवलं. "यो र. यो व. महाराजजी ने म्हने असो ई सिखायो थो. म्हारी गलती बताओ, भिया. म्हारी गलती कां हे?"

ह्यांनी वाकून बघितलं. मी ह्यांचा चेहरा बघत होते. इतके दिवस ज्या अक्षराकडे ते कोरणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत होते, त्याकडे पहिल्यांदाच ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत होते. त्यांचे ओठ हलले. रवाना, असं त्यांनी हळूच म्हटलेलं मी ऐकलं.

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. "माझी आहे."

नानूरामनं मग गाडी कशी पळवली, नालछ्याला काय झालं, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "हीरा रस्ता में ई चली ग्यो." आणि उठून गेला. कागद तिथंच राहिला.

त्या दिवशी हे तडक डॉक्टरकडे गेले. डॉक्टर थकलेला, डोळे लाल झालेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस्त्री, उगाच जिवाला लावून घेऊ नका. माझ्याकडे तरी काय आहे? सावली आहे, पाणी आहे, थोडा काढा आहे. इथं आणलेले किती वाचले ते मला विचारू नका."

हे घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "सावली होती, पाणी होतं." पुन्हा म्हणाले, "तो उन्हात गेला."

भाऊसाहेब येऊन समजूत घालून गेले. शब्द तोडून लावला तो आमच्या माणसानं, ओळ भरायला. तुमचा काय दोष? सगळे बोलून गेल्यावर ह्यांनी हत्यारांची पिशवी उघडली, सागाचा एक तुकडा घेतला आणि नवा ख कोरायला बसले. समोर फुलं गळायला लागली होती, बोंडं दिसायला लागली होती. मी पाणी द्यायला गेले. त्यांनी र चा पाय लांब ओढून व च्या पोटाखाली नेला होता आणि तिथं दोन्ही एकमेकांत घट्ट अडकवले होते. आता कुणी तोडू म्हटलं तरी तुटले नसते.

तिथं मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी पण तसंच वाचलं होतं."

त्यांनी वर बघितलं.

"तुम्ही कागद दाखवलात तेव्हा. आधी रवानाच वाचलं. मला वाटलं, माझंच चुकतंय. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुन्हा खाली बघून कोरायला लागले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी भाकरी समोर ठेवायची, ते खायचे. त्या दोन दिवसांत मी त्या शेताकडे इतकं बघितलं की पुढं आयुष्यभर बघावंसं वाटलं नाही. कागद दाखवला तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं? कागद बदलला असता. हीरा डॉक्टरच्या झोपडीत गेला असता आणि कदाचित तिथंच मेला असता. हे 'कदाचित' फार वाईट. त्यानं दुःख कमीही होत नाही आणि पुरतं आपलं म्हणून उराशीही धरता येत नाही.

तिसऱ्या दिवशी नव्या अक्षरानं छापलेले कागद आले. हे डिंकाचं भांडं घेऊन स्वतः गावात निघाले. जाताना एक कागद माझ्यासमोर धरला.

"वाच."

"दवाखाना."

"असं नको. शहाण्यासारखं नको वाचू. घरात माणूस तळमळतंय आणि तू रस्त्यानं पळत चालली आहेस, असं वाच."

मी डोळे मिटले, उघडले, आणि घाईत वाचलं. दवाखानाच होतं.

तेव्हापासून आमच्या घरात तो नियमच झाला. कोणताही कागद छापायच्या आधी मी तो वाचायची, ओझरता, तिरक्या नजरेनं, मान वळवता वळवता. जे पहिल्यांदा दिसेल ते सांगायचं, मागून सुधारून घ्यायचं नाही. मला ते काम आवडत नसे. घ चा ध झाला की ते सांगणं जिवावर येई. पण मी सांगत गेले आणि हे अक्षरं बदलत गेले. ध ची गाठ वर उचलली, घ चं डोकं रेघेला बांधून टाकलं. भ ला अधिक मोठी गाठ आली. अक्षरं पूर्वीसारखी देखणी राहिली नाहीत. भाऊसाहेबांचा छापणारा म्हणायचा, "मिस्त्री, तुमच्या ख ला लंगोट बांधलाय." हे म्हणायचे, "असू दे. पडत तर नाही."

साथ ओसरली तरी धारला आमचं मन लागेना. बाजारात जायचं म्हणजे कुंभारवाड्यावरून जायचं. हे लांबचा रस्ता घेऊ लागले. पुढं देवासहून बोलावणं आलं. तिथल्या एका छापखान्याला ती लाकडी अक्षरं हवी होती. आम्ही बिऱ्हाड हलवलं. देवास गाव एकच, पण संस्थानं दोन, रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची आणि समोरची धाकट्या पातीची. कागद दोन्हीकडे लागत, अक्षरं मात्र एकाच हाताची. मुलं झाली, ती शाळेत गेली, त्याच अक्षरांवर बोट फिरवत वाचायला शिकली. हीराचं नाव घरात कधी निघालं नाही.

पंधराएक वर्षं गेली असतील. हाटात मी माठ घ्यायला गेले होते. बोटानं वाजवून बघत होते तेवढ्यात कुंभार म्हणाला, "बजाओ मत भाबी, पक्को हे." आवाज मी ओळखला. माणूस वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. नानूरामच होता. धार सोडून तो हाटपिपल्याकडे सासुरवाडीच्या गावी येऊन राहिला होता. मी कोण हे सांगितलं. त्यानं हात जोडले. "भिया चोखा हे?" विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, अजून काम करतात. हीराच्या मुलाची चौकशी केली. तो इंदुरात गिरणीला लागला होता, लग्न झालं होतं.

मी निघाले तशी त्यानं मला थांबवलं. पागोट्याच्या पेचात हात घालून एक पोस्टकार्ड काढलं. घामानं मऊ झालेलं, कडा काळ्या पडलेल्या.

"भाबी, तम बाँचो हो?"

"वाचते की. पण तू..."

"म्हने छोड़ दियो," तो म्हणाला. "उना दन से कंई नी बाँच्यो." त्या दिवसापासून त्यानं एक अक्षर वाचलं नव्हतं. गल्लीतले लोक पत्रं घेऊन यायचे, तो सांगायचा, मला येत नाही. नव्या गावात तर कुणाला ठाऊकच नव्हतं की ह्याला वाचता येतं. पुतण्याचं कार्ड येऊन आठ दिवस झाले होते. कुणाला दाखवायला मन धजेना, स्वतः बघायला हिंमत होईना. साथीचे दिवस पुन्हा आले होते, इंदुरात माणसं तापानं जात होती.

मी माठांच्या रांगेत खाली बसले आणि कार्ड वाचलं. आधी मनात, मग मोठ्यानं, एकेका शब्दावर बोट ठेवून. पुतण्यानं लिहिलं होतं की सगळे खुशाल आहेत, मुलगी झाली आहे, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, काकांनी फाल्गुनात येऊन जावं.

"फेर बाँचो," नानूराम म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. त्यानं तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग कार्ड माझ्या हातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं. ओळींवर त्याची नजर टिकत नव्हती, माशी बसावी आणि उडावी तशी उडत होती. "आठ दन," तो स्वतःशीच म्हणाला. "आठ दन माथा पे धरी ने फिर्यो." हसला की काय झालं ते मला नीट कळलं नाही, त्यानं तोंड फिरवलं होतं. माझा माठ मात्र त्यानं स्वतः निवडून, पाणी ओतून, गळत नाही ना बघून दिला.

घरी आले तेव्हा हे ओट्यावर बसून एक भ घासत होते. माठ खाली ठेवला आणि सांगितलं, नानूराम भेटला होता. त्यांचा हात थांबला.

"कसा आहे?"

"बरा आहे. हीराच्या मुलाचं कार्ड आलं होतं. मुलगी झाली त्याला."

"कार्ड आलं होतं?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत तसा मी पाहिला नव्हता. "मग त्यानं तुला वाचून दाखवलं?"

मी माठावरचा ओला हात पदराला पुसला.

"हो," मी म्हटलं. "वाचून दाखवलं."

"चांगलं वाचायचा तो," हे म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी ते जेवताना दोनदा बोलले, एकदा तर आपणहून. त्यानंतर सहा वर्षं ते होते. मी त्यांना खरं सांगितलं नाही.